परदेशी शिक्षणाचा खर्च: आकडा कळला, पण पैसा कधी आणि कुठल्या खात्यातून?

गंगापूररोडकर (धागाकर्ता) | ८ डिसेंबर २०२५

सप्टेंबर २०२६ ला परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज आता सुरू आहेत. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही सल्लागाराकडे गेलं की 'फी इतके लाख, राहणं-खाणं तितके लाख' असे दोन आकडे मिळतात. ते बहुतेक वेळा बरोबरच असतात, पण त्यांवरून तयारी होत नाही. कुठली रक्कम कोणत्या महिन्यात, कोणाच्या नावावरच्या खात्यात आणि किती दिवस दिसायला हवी, याचं वेळापत्रक कोणी देत नाही. ऐपत असलेल्या घरांचंही घोडं तिथेच पेंड खातं. इथे अनेक जाणकार आहेत, त्यांनी आपापल्या देशाचं आणि विषयाचं लिहावं. हिशेबाच्या सोयीसाठी सगळ्यांनी पाउंड १२० रुपये, युरो १०५ आणि डॉलर ९० धरा.

ब्रिटनपासून सुरुवात करतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून व्हिसासाठी दाखवायचा राहण्याचा खर्च वाढला आहे. लंडनमध्ये महिना १,५२९ पाउंड, लंडनबाहेर १,१७१ पाउंड, तोही जास्तीत जास्त ९ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पाउंड (सुमारे १२ लाख ६५ हजार) आणि लंडनमध्ये १३,७६१ पाउंड (सुमारे साडेसोळा लाख). याशिवाय पहिल्या वर्षाची जी फी भरायची राहिली असेल तीही दाखवायची. भरलेली अनामत विद्यापीठाच्या सीएएसवर (प्रवेश पक्का झाल्याचं, व्हिसाला लागणारं विद्यापीठाचं पत्र) नोंदलेली असली तरच वजा होते, म्हणून सीएएस हातात पडल्यावर आधी तो आकडा तपासा. विद्यापीठाच्या वसतिगृहाचं भाडं आगाऊ भरलं असेल तर त्यातले जास्तीत जास्त १,५२९ पाउंड वजा करता येतात. खासगी घरमालकाला दिलेलं भाडं वजा होत नाही.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून मागे ३१ दिवसांच्या आत हवी. २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एखादा विम्याचा हप्ता किंवा गृहकर्जाचा ईसीएस परस्पर वळता होतो आणि शिल्लक चार-पाच हजारांनी कमी पडते, हे बऱ्याचदा होतं. या रकमेसाठी वेगळं खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका, आणि विनिमय दर हलतो म्हणून लाखभर रुपये जास्तीचे ठेवा. खातं आई-वडिलांचं चालतं, सोबत मुलाचा जन्मदाखला आणि संमतिपत्र लागतं. काका, मामा, आजोबा यांचं खातं चालत नाही. त्यांनी मदत करायची असेल तर पैसे आधी आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या खात्यात यावेत आणि २८ दिवस त्यानंतर मोजावेत.

आपल्याकडची एक खास अडचण. अनेक घरांच्या ठेवी पतसंस्थेत असतात. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसतात, त्यामुळे ती पावती व्हिसाला पुरावा म्हणून धरण्यात धोका आहे. ठेव मोडून रक्कम शेड्यूल्ड बँकेत आणायची असेल तर अर्जाच्या किमान दोन महिने आधी आणा.

व्हिसाचा खर्च वेगळा: शुल्क (२०२५ मध्ये) ५२४ पाउंड, शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण १६ महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पाउंड. दोन्ही मिळून दोन लाखांच्या पुढे जातात आणि अर्ज करतानाच एका झटक्यात भरावे लागतात. कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आदल्या दिवशी वाढवून ठेवा.

---

ब्रेमेनवासी | ८ डिसेंबर २०२५

जर्मनीचं लिहिते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य अर्धवट आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही हे खरं, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात (श्टुटगार्ट, कार्ल्सरुहे, हायडेलबर्ग, फ्रायबर्ग, मानहाइम) युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. चार सत्रांचे सहा लाख तीस हजार झाले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात हिवाळी सत्र २०२४-२५ पासून मास्टर्सला सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो फी आहे. बाकी ठिकाणी सत्र-वर्गणी असते, साधारण १०० ते ४०० युरो.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे साडेबारा लाख, व्हिसाच्या अर्जाआधी पूर्ण भरलेले हवेत. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र (१८,००० रुपये) त्याही आधी हवं. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र जुळवण्यात वेळ जातो, शेवटच्या वर्षातल्या मुलांनी निकालाची वाट न बघता कागद गोळा करायला घ्यावेत. यूनी-असिस्टमार्फत (अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. दहा विद्यापीठांना अर्ज केले तर ३४५ युरो, हा खर्च कुणाच्याच यादीत नसतो.

आता ९९२ मध्ये भागतं का? वसतिगृहाची खोली ३५० युरोला मिळाली, सरकारी आरोग्य विमा सुमारे १४५, वाणसामान २००-२२०, सत्र-वर्गणीचा महिन्याचा वाटा ४५, फोन १०-१५, आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६ (ही घरटी असते, माणसी नाही, एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यायची). बेरीज ८०० च्या आत राहते. पण वसतिगृहाची प्रतीक्षायादी मोठी असते. खासगी खोली ५५० ला घेतली की हाच हिशेब हजाराला टेकतो, आणि म्युनिकमध्ये तेवढ्यातही भागत नाही. म्हणून प्रवेशपत्राची वाट न बघता, अर्ज केल्याबरोबर तिथल्या श्टुडेंटेनवेर्ककडे (वसतिगृहं चालवणारी संस्था) खोलीसाठी नाव नोंदवता येतं का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी येतं.

पहिला महिना सगळ्यांत अवघड. ब्लॉक्ड खात्यातले पैसे सुटायला जर्मन बँक खातं लागतं, खात्याला बहुधा पत्त्याची नोंदणी लागते, आणि नोंदणीला घरमालकाचं पत्र लागतं. ही साखळी पूर्ण व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. त्यात घराची अनामत, जी कायद्याने भाड्याच्या (हीटिंग वगैरे न धरता) तिपटीपर्यंत मागता येते. ३५० च्या खोलीला ती हजाराच्या घरात जाऊ शकते. ब्लॉक्ड अकाउंटखेरीज १,५०० ते २,००० युरो फॉरेक्स कार्डावर हवेतच.

विम्याबाबत एक गोष्ट मनापासून सांगते. सुरुवातीला स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊ नका. सरकारी विम्यातून सूट मागून घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. तीस वर्षांवरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी-दर मिळत नाही, त्यांनी या खर्चाची आधीच वेगळी तजवीज करावी.

---

दिंडोरीकर | ९ डिसेंबर २०२५

चांगला धागा. एक विचारायचं होतं. आपल्या जिल्ह्यात असंख्य पालक द्राक्षबागायतदार आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्न एकतर भरलेलंच नसतं किंवा निरंक असतं. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, आणि मार्चअखेरीला सोसायटीचं पीककर्ज भरायला निघून जातो. अशा घराने बँकेला आणि व्हिसाला उत्पन्न दाखवायचं कसं?

---

कर्जखातं | ९ डिसेंबर २०२५

दिंडोरीकर दादा, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत.

पहिला, उत्पन्नाचा पुरावा. एकट्या तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर बँका समाधान मानत नाहीत. पीकपेऱ्यासह सातबारा आणि आठ-अ, व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, आणि त्याच रकमा बँक खात्यात जमा झालेल्या दाखवणारं दोन-तीन हंगामांचं स्टेटमेंट, हे एकत्र ठेवलं तर चित्र उभं राहतं. रोखीने घेतलेले पैसे इथे मोजले जात नाहीत. यंदाचा हंगाम अजून पुढे आहे, तेव्हा व्यापाऱ्याकडून आरटीजीएसनेच पैसे घ्या. शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी रिटर्नमध्ये ते दाखवून रिटर्न भरता येतं. ज्यांची मुलं आता अकरावी-बारावीत आहेत त्यांनी ते यंदापासून सुरू करावं, कारण बिगरबँक वित्तसंस्था दोन वर्षांची रिटर्न्स मागतात.

दुसरा, तारण. शेतजमीन परदेशी शिक्षणाच्या कर्जाला बहुतेक बँका तारण म्हणून घेतच नाहीत, मग ती गोदाकाठची असो की धरणाखालची. चालतं ते शहरातला फ्लॅट, बंगला, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव. नाशिकमध्ये अडतं ते तीन ठिकाणी. गुंठेवारीतला प्लॉट, ज्याचं नियमितीकरण झालेलं नाही. जुन्या नाशकातला वाडा किंवा घर, जिथे मिळकत पत्रिकेवर आजोबा-पणजोबांचं नाव आहे आणि वारसनोंद झालेली नाही. आणि पूर्णत्वाचा दाखला नसलेली इमारत, मग घरपट्टी कितीही नियमित भरलेली असो. बँकेचा वकील मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढतो, त्यात भावाबहिणींचं हक्कसोडपत्र नाही असं निघालं की फाइल थांबते. हे कागद जुळायला महिने लागतात, म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याआधीच वकिलाकडून सर्च करून घ्या. अहवालाचे पैसे वाया जात नाहीत.

आता व्याज. दोन वर्षांच्या कोर्सला ३० लाखांचं कर्ज, दर १० टक्के, साडेसात लाखांचे चार हप्ते सहा-सहा महिन्यांनी उचलले, आणि कोर्सनंतर एक वर्ष सवलतीचं. या तीन वर्षांत सरळ व्याजाने ६ लाख ७५ हजार साठतात. मग परतफेड ३६ लाख ७५ हजारांवर सुरू होते, दहा वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ४८,६०० रुपये. सवलतीच्या काळात दर महिन्याचं व्याज घरून भरत राहिलात तर मुद्दल ३० लाखच राहतं आणि हप्ता सुमारे ३९,६५० येतो. पूर्ण व्याज भरण्याची ऐपत नसेल तर निम्मं भरा, पण सुरुवातीपासून भरा. आणि लागेल तेव्हाच हप्ता उचला. पूर्ण रक्कम आधी उचलून बचत खात्यात ठेवण्यात नुकसानच आहे.

पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठीच आहे, परदेशासाठी नाही. बँकेच्या शाखेत या प्रश्नावर खूप वेळ जातो म्हणून लिहिलं. अल्पसंख्याकांसाठीची व्याज अनुदानाची 'पढो परदेश' योजनाही २०२२-२३ पासून बंद आहे.

व्हिसाबद्दल: ब्रिटनला बँकेचं शैक्षणिक कर्जाचं पत्र दिलं तर २८ दिवसांची अट लागत नाही. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं, पत्र अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं हवं, आणि 'तारणाची कागदपत्रं पूर्ण झाल्यावर' अशी अट त्यात राहिलेली नसावी. व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट असलेलं मंजुरीपत्र उपयोगाचं नाही, म्हणून गहाणाचं काम उरकूनच पत्र घ्या. बागायतदार घरांना हा मार्ग सोयीचा पडतो, कारण मार्चमध्ये आलेला पैसा जुलैपर्यंत खात्यात दाबून ठेवणं शेतकऱ्याला जमत नाही. एप्रिलमध्ये छाटणीचा आणि औषधांचा खर्च पुन्हा सुरू झालेला असतो.

---

सनदी_सातपूर | १० डिसेंबर २०२५

पैसे पाठवतानाचा कर, म्हणजे टीसीएस. यावर गैरसमज फार आहेत.

१ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून त्यावर पाठवलं तर वरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये ५ टक्के. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर काहीच नाही, रक्कम कितीही असो. पण ते कर्ज आयकराच्या कलम ८०ई मध्ये (शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट) बसणाऱ्या संस्थेचं हवं. सोनेतारण कर्ज किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून पाठवलेले पैसे या सवलतीत येत नाहीत. कर्जाची रक्कम शक्यतो बँकेकडूनच थेट विद्यापीठाला जाऊ द्या. ती आधी बचत खात्यात आली आणि घरच्या पैशात मिसळली की दुसऱ्या बँकेला स्रोत पटवता पटवता नाकी नऊ येतात.

१० लाखांची मर्यादा सगळ्या कारणांची मिळून आहे. वडिलांनी याच वर्षी परदेशी शेअर घेतले असतील किंवा नातेवाइकाला पैसे पाठवले असतील तर तेवढी मर्यादा संपलेली असते. उलट आईच्या पॅनवर तिची स्वतंत्र १० लाखांची मर्यादा आहे. जर्मनीचे साडेबारा लाख एकट्या वडिलांनी पाठवले तर अडीच लाखांवर २०२५-२६ च्या दराने १२,५०० टीसीएस लागतो. दहा वडिलांनी आणि अडीच आईने आपापल्या खात्यातून पाठवले तर शून्य. दोन हप्त्यांत पैसे आलेले चालतात ना, एवढं ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना आधी विचारून घ्या. ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे विभागणीही करता येते, मात्र केवळ टीसीएस वाचवायला व्हिसाआधीच अख्खी फी भरू नये. व्हिसा नाकारला गेला तर परतावा यायला वेळ लागतो आणि दोन्ही वेळच्या विनिमय दरात जास्तीचं नुकसान होतं.

टीसीएस बुडत नाही. तो ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. नोकरदार पालकांनी रिटर्नची वाट बघायचीही गरज नाही. फॉर्म १२बीएए भरून कंपनीच्या वेतन विभागाला दिला की पगारातून कापला जाणारा टीडीएस तेवढा कमी करता येतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या अनेकांना हे माहीतच नाही. शेतकरी पालकांनी मात्र रिटर्न भरायलाच हवं, नाहीतर पैसे सरकारजमा पडून राहतात.

याव्यतिरिक्त चलन बदलताना जीएसटी लागतो, पण तो किरकोळ असतो. साडेबारा लाखांवर १,०३५ रुपये. खरा खर्च दरात दडलेला असतो. बँकेचा दर आणि बाजारातला दर यांत पाउंडामागे दीड रुपयाचा फरक असेल तर २०,००० पाउंडांना ३०,००० रुपये गेले. 'आमचे चार्जेस फक्त ५०० रुपये' हे ऐकून खूश होऊ नका. तीन ठिकाणी एकाच तासात विचारा: 'समोर पूर्ण २०,००० पाउंड पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?' उत्तर लेखी घ्या आणि तेवढंच ताडून पाहा.

फॉर्म ए-२ वर (पैसे परदेशी पाठवण्याचा बँकेचा अर्ज) उद्देशाचा कोड एस०३०५ लिहा, तो शिक्षणाचा. भलताच कोड पडला तर टीसीएसचा दर बदलतो, आणि बँकेकडून तो दुरुस्त करून घेणं वेळखाऊ असतं. 'ओयूआर' पर्याय निवडा, म्हणजे मधल्या बँकांचं शुल्क इथेच भरलं जातं. नाहीतर वाटेत पंधरा-वीस पाउंड कापले जातात, विद्यापीठाच्या हिशेबी फी अपुरी दिसते आणि नोंदणी अडकते. संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक घालायला विसरू नका, आणि स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँक-संदेशाची, प्रत मागून घ्या.

---

इंदिरानगर_७ | १० डिसेंबर २०२५

सनदी साहेब, 'आमच्यामार्फत फी भरा, पाच टक्के सूट देतो' असं सांगणारे काही मध्यस्थ फिरतात. ते कसं परवडतं त्यांना?

---

सनदी_सातपूर | १० डिसेंबर २०२५

ते प्रामाणिकपणे परवडतच नाही. यातला एक ठरलेला प्रकार असा: चोरलेल्या कार्डावरून विद्यापीठाच्या पोर्टलवर फी भरायची, पावती दाखवून पालकांकडून रोख घ्यायची. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, पैसे उलटतात, विद्यापीठ प्रवेश थांबवतं आणि मुलाचं नाव फसवणुकीत येतं. फी फक्त पालकांच्या किंवा विद्यार्थ्याच्या खात्यातून, नाहीतर विद्यापीठाने स्वतः नेमलेल्या पोर्टलवरूनच. इथे तडजोड नको.

---

क्रेडिट_अवर | ११ डिसेंबर २०२५

अमेरिकेत फी वर्षावर नाही, क्रेडिटवर (प्रत्येक विषयाला ठरलेलं अभ्यासाचं एकक) मोजतात. मास्टर्सला साधारण ३० ते ३६ क्रेडिट लागतात. क्रेडिटला १,००० डॉलर आणि ३३ क्रेडिट धरले तर ३३,००० डॉलर, जवळपास ३० लाख. पण संकेतस्थळावर दोन दर असतात. राज्यातल्या रहिवाशांचा कमी दर बघून घरी आकडा सांगितला जातो, तो आपल्याला लागू नाही. त्यावर दर सत्राला अनिवार्य शुल्कं आणि आरोग्य विमा. विमा बहुतेक विद्यापीठं आपोआप बिलात घालतात, आणि समतुल्य विमा दाखवून माफी मागण्याची मुदत ठरलेली असते, ती चुकवू नका.

आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) जो वर्षाचा खर्च लिहिलेला असतो तेवढा निधी दाखवायचा असतो. सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्क ३५० डॉलर आणि व्हिसा शुल्क १८५ डॉलर, दोन्ही मुलाखतीआधी. मुलाखतीत निधीच्या कागदांपेक्षा उत्तराची सुसंगती जास्त बघतात. घराचं वार्षिक उत्पन्न आणि खात्यात अचानक आलेली रक्कम जुळत नसेल तर ती कुठून आली हे मुलाला एका वाक्यात सांगता यायला हवं. द्राक्षांचा हंगाम संपला आणि पैसे आले, हे पूर्ण समाधानकारक उत्तर आहे, सोबत हिशेबपट्टी असली की झालं.

काम फक्त कॅम्पसवर, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. त्यातून खाणं आणि फोन निघतो, फी निघत नाही. 'तिथे गेल्यावर कमावून फी भरेल' असा बेत करू नका. शिक्षक-सहायक किंवा संशोधन-सहायक म्हणून काम मिळालं तर मात्र फी माफ होऊ शकते. प्रवेश मिळाल्याबरोबर त्या विभागातल्या प्राध्यापकांना विषयाला धरून ईमेल लिहायला सुरुवात करावी.

थोडं अवांतर, पण पैशाचं: भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या रिटर्नमध्ये प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. फॉर्म १०४०-एनआर भरताना ती घ्यायची. पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची कपातही लागत नाही. मालकाने चुकून कापली तर मागून घ्या.

---

मॅपल_पाथर्डीफाटा | ११ डिसेंबर २०२५

कॅनडाचं थोडक्यात. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. २०२३ पर्यंत हाच आकडा १०,००० होता, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. झटपट निकालाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. प्रांताचं मान्यतापत्र लागतं, पण सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएच.डी.ला १ जानेवारी २०२६ पासून त्यातून सूट आहे. काम आठवड्याला २४ तास.

ऑस्ट्रेलियाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवायचे आणि व्हिसा शुल्क २,००० डॉलर, नाकारला तरी परत नाही. आरोग्य विमा संपूर्ण व्हिसाच्या काळाचा आधीच भरावा लागतो. दोन-अडीच वर्षांचा विमा एकदम भरायचा म्हणजे मोठी रक्कम होते, ती बजेटात वेगळी लिहा.

---

दिंडोरीकर | ११ डिसेंबर २०२५

कर्जखातं दादा, मनापासून आभार. शिष्यवृत्त्यांबद्दलही कोणी लिहील का?

---

गंगापूररोडकर | ११ डिसेंबर २०२५

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. वयोमर्यादा पदव्युत्तरला ३५ आणि पीएच.डी.ला ४०. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. जाहिरात उन्हाळ्याच्या आसपास येते आणि मुदत थोडी असते, म्हणून जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आजच तयार ठेवा. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याच्या महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला. हप्ता आधी आपण भरायचा, व्याजाचा भाग नंतर खात्यात येतो. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूप शिष्यवृत्ती देते, तिला जातीची अट नाही. युरोपात इरास्मस मुंडुसच्या संयुक्त पदवीला महिना १,४०० युरो मिळतात आणि फीही माफ. अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत संपते, म्हणजे महिना-दीड महिनाच हातात आहे. ज्यांचे गुण चांगले आहेत त्यांनी आज रात्रीच अभ्यासक्रमांची यादी उघडावी.

---

ब्रेमेनवासी | १२ डिसेंबर २०२५

खर्चाच्या यादीतून सुटणाऱ्या बारीक गोष्टी. दात आणि डोळे इथेच तपासून घ्या. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार भरला तरी दातांच्या उपचाराला पैसे पडतात, आणि इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधाला ९.९० पाउंड. चष्म्याचे दोन जोड इथून न्या, नंबरचा कागद सोबत ठेवा. ब्रिटनच्या क्षयरोग चाचणीला त्यांच्या यादीतलंच केंद्र लागतं, साधा एक्स-रे चालत नाही. मुंबईचं केंद्र गाठायला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली की काम करून संध्याकाळी परत येता येतं, पण वेळ ठरवूनच जा.

कुकर इंडक्शनच्या बुडाचाच घ्या, तिथल्या वसतिगृहांत गॅस क्वचितच असतो. दोन जादा रिंगा आणि शिट्टीचा व्हॉल्व्ह बरोबर टाका, ते तिथे सहज मिळत नाहीत. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला घट्ट सीलबंद पाकिटात. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायचीच, लपवली तर दंड जबर आहे. ब्रिटन आणि युरोपात खवा, पेढे, तूप असे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

---

कर्जखातं | १२ डिसेंबर २०२५

निघण्याआधी उरकायची कामं अजून कोणी लिहिली नाहीत. विद्यार्थी मुख्य कर्जदार असतो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक हप्त्याला त्याची सही लागू शकते. त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र तो तिकडे असताना करायचं तर भारतीय दूतावासाची वेळ घ्यावी लागते, आणि कागद इथे येईपर्यंत फीची मुदत टळते. विमानाच्या महिनाभर आधी आई किंवा वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून शाखेत दाखल करा. त्यात 'शैक्षणिक कर्ज खात्यातून रक्कम उचलण्याचा आणि परदेशी पाठवण्याचा अधिकार' असे स्पष्ट शब्द हवेत. मोघम मसुदा बँकेचा विधी विभाग परत पाठवतो.

परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी धरला जातो. त्याचं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. बँकेत नोंदलेला मोबाईल क्रमांक बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. पोस्टपेडचं प्रीपेड करून कमीत कमी रिचार्जवर चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करा आणि पालकांच्या खात्याला मुलाचा क्रमांक जोडलेला असेल तर तो आधी बदलून घ्या.